पाटा वाढवण्याआधी

नांदेडच्या लातूर फाट्यावर तासभर उभं राहिलं, तर कंपनीतून जशी निघाली तशीच राहिलेली पिकअप शोधावी लागते. एखादीच्या फाळक्यावर हातभर उंच लोखंडी जाळी चढवलेली असते, एखादीच्या केबिनवर कॅरिअर, एखादीच्या पुढं जाड पाइपाचा गार्ड. जे सहज दिसत नाही ते खाली असतं. मागच्या ॲक्सलवर स्प्रिंगचे एक, क्वचित दोन पोलादी पाटे जादा. नवी गाडी शोरूममधून आधी देवळात, दर्ग्यात किंवा गुरुद्वाऱ्यात जाते, तिथून फॅब्रिकेशनवाल्याकडं आणि तिथून पाटेवाल्याकडं. हा रिवाज इतका अंगवळणी पडलाय की कर्जाचा हप्ता ठरवतानाच 'बाकीच्या कामाचे' पैसे मालक वेगळे धरतो.

हे पुस्तक त्या बाकीच्या कामाबद्दल आहे.

जगात पिकअप बदलून घेण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला शौकाचा. फोर्डनं १९२५ साली मॉडेल टी गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाईक शेतकरी आणि दुकानदार होते. पण पुढच्या काही दशकांत अमेरिकेत पिकअप ही कामाची गाडी राहून मिरवण्याचीही गाडी झाली. ऑस्ट्रेलियात १९७५ साली सुरू झालेली एआरबी कंपनी बंपर, स्प्रिंगा, शॉकअब्जॉर्बर विकूनच मोठी झाली. आपल्याकडं इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली, आणि लातूर-नांदेडातही दोन-चार हौशी मंडळी गाडी दोन इंच उचलून, चिखलाचे टायर घालून फिरताना दिसू लागली. त्यांच्यासाठी या पुस्तकात एक प्रकरण आहे, ते त्यांनी जरूर वाचावं. बाकी सगळं पुस्तक दुसऱ्या रस्त्याचं आहे. त्या रस्त्यावर सोयाबीनचे कट्टे आहेत, हळद आहे, शेळ्या आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जाणारा हप्ता आहे.

ही गाडी इथं कशी रुजली, ते थोडक्यात. बजाज टेम्पोची मॅटेडोर १९६९ची, टाटांची ४०७ १९८६ची. त्या काळात गाडीमालक म्हणजे गावातला एखादा पैसेवाला. बाकीच्यांनी बैलगाडी जुंपायची, नाहीतर मोंढ्याच्या दिवशी ट्रक भरण्याची वाट बघायची. २००५ साली टाटांची एस आली. दोन सिलिंडरचं इंजिन, पाऊण टनाच्या आतबाहेर माल, आणि कर्ज काढून घेता येईल अशी किंमत. 'छोटा हत्ती' हे नाव तिला चिकटलं ते कायमचं. पण मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवर आणि क्विंटलांच्या हिशेबात हत्ती छोटाच पडला. खरी मुसंडी मारली ती महिंद्राच्या बोलेरो पिकअपनं. लांब हौदा, जीपच्या घराण्यातली धडधाकट चेसिस आणि कोणत्याही खेड्यात दुरुस्त होईल असं इंजिन. आज 'पिकअप' म्हटलं की इकडं डोळ्यांसमोर तीच येते, मग गाडी अशोक लेलँडची असो की टाटांची.

तिच्यावर काय काय लादलं जातं, हे बघायचं तर नकाशा काढावा लागेल. अर्धापूरकडून केळी, धर्माबादकडून लाल मिरची, नांदेडच्या बाजाराकडं हळद, लातूरच्या मोंढ्याकडं तूर आणि सोयाबीन, तिथल्या डाळमिलांतून परत डाळ. मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावच्या खंडोबाची यात्रा, तिथं घोडे, गाढवं, लाल कंधारी जनावरं. उदगीरकडं हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार, तिथं देवणी. आषाढीला दिंडीमागं तंबू, शिधा आणि म्हातारी माणसं. लग्नसराईत रुखवत आणि मंडपाचे खांब. गणपतीत स्पीकरच्या भिंती. उन्हाळ्यात पाणी. एकच गाडी वर्षभरात इतकी सोंगं घेते, आणि कारखान्यात ती यांतल्या एकाही सोंगासाठी म्हणून बनलेली नसते.

आता हिशेब बघा. बोलेरो पिकअपच्या नेहमीच्या प्रकारांची क्षमता १.३, १.५ किंवा १.७ टन. शेतकऱ्याच्या खळ्यावर पन्नास किलोचे चाळीस कट्टे पडलेत. म्हणजे दोन टन. भाडं ठरलंय खेपेचं, किलोचं नव्हे. उरलेल्या दहा-बारा कट्ट्यांसाठी दुसरी खेप करायची तर डिझेल मालकाचं, दिवस मालकाचा. शेतकरी म्हणतो, "बसतंय की भाऊ, टाका वरच." कट्टे वर जातात. गाडीची मागची बाजू खाली बसते, पुढचं तोंड आभाळाकडं जातं, आणि खड्ड्यात पाटे बंप-रबरवर आदळून 'खट्' वाजतात. दुसऱ्या दिवशी मालक पाटेवाल्याच्या दारात उभा असतो. "उस्ताद, गाडी लई बसायली. एक पाटा टाका."

मराठवाड्यातलं सगळं सस्पेन्शनशास्त्र या एका वाक्यातून निघालेलं आहे. ते वाक्य हसण्यावारी नेणाऱ्यांनी आधी खेपेचा दर आणि डिझेलचा दर शेजारी मांडून बघावेत.

पाटेवाल्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. गाडी जॅकवर घेऊन चेसिसखाली लाकडाचे ठोकळे लावतात. यू-बोल्टचे नट गंजलेले असतात. त्यांच्यावर डिझेल ओतून थोडा वेळ सोडतात, तरीही न हलले तर लांब पाइप पान्ह्यावर चढवून झटका देतात. यू-बोल्ट सुटले की शॅकलची पिन ठोकून काढतात आणि पाट्यांचा अख्खा गठ्ठा जमिनीवर येतो. मधोमध सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट. तो काढला की पाटे एकेक करून सुटे होतात आणि प्रत्येकाची कहाणी दिसते. कुठं दोन पाटे एकमेकांवर घासून चकचकीत झालेले, कुठं गंजाचा लाल पापुद्रा, कुठं सेंटर बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी चीर. पाटा तुटतो तो बहुतेक वेळा याच भोकापाशी, आणि त्याचं कारण जास्त माल एवढंच नसतं. यू-बोल्ट सैल झाले की दोन बोल्टांच्या मधला, घट्ट आवळलेला राहायला हवा असा भाग हलायला लागतो, आणि सगळा ताण भोकावर येतो. जाणते पाटेवाले नवं काम झाल्यावर मालकाला सांगतात, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, माल भरून आणा, यू-बोल्ट पुन्हा आवळून देतो, फुकट. मालक परत येत नाही. पुढच्या वेळी येतो तो तुटलेला पाटा घेऊन.

सुट्या पाट्याची कमान दोरी लावून मोजतात. दोन्ही टोकांना दोरी ताणायची आणि मध्ये पाट्यापर्यंत किती अंतर पडतं ते बघायचं. कमान गेली असेल तर ती परत आणायचे दोन मार्ग. एक म्हणजे थंड पाट्यावर ऐरणीवर घण घालून, थोडं थोडं सरकवत वळवणं. दुसरा म्हणजे भट्टीत लाल करून वाकवणं. पहिल्याला हात लागतो, दुसऱ्याला फक्त कोळसा. म्हणून दुसरा जास्त चालतो आणि तिथंच घोटाळा होतो. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात ९०० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवतात, मग साडेचारशे-पाचशे अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, आणि शेवटी पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा मारा करून त्याला थकव्याविरुद्ध तयार करतात. भट्टीत लाल झालेला पाटा या सगळ्या संस्कारांवर पाणी सोडतो. पाण्यात बुडवून थंड केला तर काचेसारखा तडकतो, हवेत थंड होऊ दिला तर मऊ पडतो आणि महिन्याभरात पुन्हा सपाट. मऊ पडलेल्या पाट्याला मात्र गावात गिऱ्हाईक असतं. लोहार त्यातून विळे नि कोयते काढतो, आणि ते पाट्यापेक्षा जास्त दिवस टिकतात.

जादा पाट्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करावी अशी आहे. पाट्यांची संख्या दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर ताठपणा घनाच्या पटीत वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटरचा पाटा आला की तो एकटाच मूळ पाट्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ. कुणी ४०७चा जुना पाटा कापून पिकअपला घालतो, त्याला वाटतं आपण एक पाटा वाढवला. त्यानं कितीतरी जास्त वाढवलेलं असतं. गाडी भरलेली असेल तोवर ही गंमत कळत नाही. रिकामी परत येताना कळते. मागचं चाक खड्ड्यात न उतरता उडी मारतं, ड्रायव्हरच्या कण्याला प्रत्येक गचका पोचतो, आणि पावसाळ्यात पानंदीच्या चिखलात रिकाम्या हौद्याखालची चाकं जमीन धरतच नाहीत. अशा गाडीत अर्धापूरची केळी अर्धा हौदा भरून नेली, तर मोंढ्यात पोचेपर्यंत सालीवर काळे डाग उठतात आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणजे सोयाबीनसाठी वाढवलेला पाटा केळ्यांत पैसे खातो.

यावर जगभर वापरला जाणारा उपाय साधा आहे, आणि आपल्याकडच्या जाणत्या कारागिरांना तो माहीतही आहे: हेल्पर पाटा. मुख्य गठ्ठ्याच्या वर किंवा खाली असा एक पाटा, जो गाडी रिकामी असताना कशालाच टेकत नाही. माल भरून गाडी ठरावीक खाली आली की मगच तो कामाला लागतो. रिकामी गाडी मऊ राहते, भरलेली ताठ. त्याला थोडी मोजदाद लागते, कंस वेल्ड करताना चेसिसच्या कडा जाळून चालत नाही, आणि कामाचे पैसे जास्त होतात. म्हणून गिऱ्हाईक सरळ म्हणतं, "एवढं कशाला, पाटा टाकून द्या."

आता या पुस्तकाचं मुख्य म्हणणं. जादा पाटा गाडीचं बसणं थांबवतो. गाडीची ताकद वाढवत नाही. मोंढ्यातल्या हमालानं कमरेला पट्टा आवळून आणखी एक पोतं उचललं, तर पाठ ताठ दिसते, गुडघे तेच असतात. गाडीचे गुडघे म्हणजे ॲक्सलची नळी, बेअरिंग, टायर आणि ब्रेक. पाटा घातल्यानंतर यांतल्या एकाचीही क्षमता किलोभरानं वाढत नाही. उलट एक धोका वाढतो, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बसलेली गाडी हीच मालकाला मिळणारी एकमेव सूचना होती. पाटा घालून आपण ती सूचनाच बंद करतो.

ब्रेकचं उदाहरण घ्या. अनेक हलक्या मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मालाच्या वजनानुसार कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिसवर बसवलेला व्हॉल्व्ह, आणि त्याच्यापासून ॲक्सलपर्यंत एक दांडी. माल भरला की चेसिस ॲक्सलच्या जवळ येते, दांडी हलते, व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तेव्हा चेसिस वर, दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी गिरकी घेत नाही. आता जादा पाट्यांमुळं दोन टन भरूनही चेसिस खाली आलीच नाही, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागच्या चाकांचा दाब कापतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. अहमदपूरच्या बाजूला बालाघाटाच्या उतारावर ड्रायव्हर पाय दाबतो, पुढचे पॅड तापून वास येतो, आणि गाडी हवी तिथं थांबत नाही. मग 'ब्रेक लागत नाहीत' म्हणून पॅड बदलले जातात, सिलिंडर बदलला जातो. दांडीची लांबी नव्या उंचीप्रमाणं पुन्हा जुळवायची असते, ही गोष्ट निघतच नाही. काही ठिकाणी तर ही दांडी 'उगाच लोंबतेय' म्हणून तारेनं बांधून ठेवलेली असते.

मागची बाजू उचलली की आणखी दोन-तीन बारीक गोष्टी बिघडतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस लवकर जातो आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. रिकाम्या गाडीचे दिवे रस्त्याच्या अगदी जवळ पडतात. फाळक्यावरच्या उंच जाळीमुळं कडबा नि पोती आणखी वर रचली जातात, वजनाचा मध्य वर सरकतो, आणि वळणावर गाडी झुकते तेव्हा तिला सावरणारे शॉकअब्जॉर्बर जुन्याच ताकदीचे असतात. ताठ पाट्याला उसळी मारून परत येण्याची घाई असते. ती उसळी जिरवणं हे शॉकअपचं काम. पाटा वाढवला आणि तेल गळणारा शॉकअप तसाच ठेवला, तर अर्धं काम झालंच नाही. इकडच्या काळ्या मातीवरचे रस्ते तर शॉकअपची परीक्षाच घेतात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. खड्डा एकदाच आदळतो. लाटा गाडीला डोलवत ठेवतात. तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून मोठ्या टप्प्यात हाल कमी झाले, हे खरं. पण पिकअपचं आयुष्य महामार्गावर कमी आणि महामार्गापासून खळ्यापर्यंतच्या शेवटच्या चार किलोमीटरांत जास्त जातं.

टायरबद्दल इथं एवढंच सांगतो की मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, हवा कमी असते, माल जास्त असतो, आणि मागं रिमोल्ड टायर असतात. यांतल्या तीन गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत.

पाण्याच्या टाक्यांना मात्र जास्त जागा द्यायला हवी, कारण या भागानं त्यातून बरंच शिकायला हवं होतं. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले ते त्या रेल्वेचे. गल्लीबोळांत आणि वाड्यावस्त्यांवर पाणी पोचवणारे टँकर, ट्रॅक्टर आणि पिकअप फोटोत फारसे नव्हते. हौद्यात दोन हजार लिटरची प्लास्टिकची काळी टाकी दोरखंडानं आवळली की झाला टँकर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं इथं कामाला येतं: दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, वर टाकी, पंप आणि पाइप. पण वजनापेक्षा वाईट असते अर्धी भरलेली टाकी. पोती आहे तिथं बसून राहतात. पाणी वळणावर एका बाजूला धावतं, ब्रेक लावला की पुढं धावतं आणि थांबल्यावर मागं. खऱ्या टँकरमध्ये म्हणून आत आडवे पत्रे असतात, त्यांना भोकं असतात, पाणी अडत अडत जातं. काळ्या टाकीत काहीच नसतं. म्हणून पाण्याची खेप करणाऱ्यानं एक मोठी टाकी घेण्याऐवजी पाच-पाचशेच्या टाक्या घ्याव्यात, गाडीला झेपतील तेवढ्याच, आणि एकेक टाकी पूर्ण रिकामी करत जावं. बदल करायचाच तर तो हौद्यात करावा, पाट्यात नव्हे.

जनावरांच्या गाड्यांचंही तसंच आहे. शेळ्यांसाठी हौद्यात मधला मजला घालणं हा इकडचा जुना धंदा. बैल उभा राहतो तेव्हा त्याचं वजन चार खुरांवर असतं आणि ते खुर प्रत्येक गचक्याला सरकतात. गुळगुळीत पत्र्यावर तो पडतो, पाय मोडतो. जनावरांच्या वाहतुकीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र नियम आहे आणि त्यात गाय किंवा म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा धरलेली आहे. पिकअपच्या हौद्याचं माप घ्या, भागाकार करा. किती जनावरं बसतात ते लगेच कळेल. माळेगावच्या यात्रेहून परतणाऱ्या गाड्यांत हा भागाकार कुणी केलेला दिसत नाही. ज्यांनी केला त्यांनी रबराची जाड चटई, जनावराच्या छातीइतक्या उंचीवर आडवा पाइप आणि मऊ पाटे एवढंच काम करून घेतलं, आणि व्यापारी त्यांनाच पुन्हा बोलावतात.

कायद्याचं प्रकरण पुस्तकात मोठं आहे, इथं सार सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसी बुकात नोंदलेल्या आणि कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. क्षमतेपेक्षा जास्त मालासाठी केंद्राच्या कायद्यात वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागं दोन हजार. पुढच्या गार्डबद्दल डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय मंत्रालयानं राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं, कारण धडकेत तो गार्ड समोरच्या माणसाचा जीव घेतो आणि आतल्यालाही वाचवत नाही. सीएनजी किटसारखे काही बदल परवानगी घेऊन, आरसीवर नोंद करून करता येतात. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग. त्या दिवशी जाळी उतरवून, गार्ड काढून गाडी आरटीओत नेणारे आणि संध्याकाळी सगळं परत चढवणारे लोक एमएच २४ आणि एमएच २६ दोन्हीकडं आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो की अपघातानंतर विम्याचा माणूस येतो तेव्हा जाळी उतरवायला वेळ मिळतो का?

एक गोष्ट कारखान्यांच्या बाजूनं आणि पाटेवाल्यांच्याही बाजूनं सांगायला हवी. कंपन्यांनी या भट्ट्यांकडं दुर्लक्ष केलेलं नाही. दीड टनाची गाडी दोन टन ओढतेय, हे त्यांना सर्व्हिस सेंटरमध्ये येणाऱ्या तुटक्या पाट्यांवरून दिसत असणारच. २०२२ साली टाटांनी दोन टनांची योद्धा आणली, २०२३ साली महिंद्रानं बोलेरो मॅक्स पिकअपची दोन टनांपर्यंतची मालिका आणली, दहा फुटांच्या हौद्यासकट. मला हा योगायोग वाटत नाही. आधी भट्टी पुढं गेली, मग कारखाना मागून आला. दुर्दैव हे की दोन टनांची गाडी आली त्याच महिन्यात तिला जादा पाटा घालून अडीच-तीन टन भरायला सुरुवात झाली. क्षमता वाढली तसा खेपेचा दर वाढला नाही. उलट शेतकऱ्याला कळलं की मोठी गाडी आलीय, मग त्यानं कट्टे वाढवले.

सजावटीला पुस्तकात जागा कमी आहे, त्याबद्दल तक्रारी येतील. फाळक्यावरची नावं, आरशाचे गोंडे, शिवाजी महाराज, बाबासाहेब, गुरू गोविंदसिंगजी, खंडोबा, 'आईचा आशीर्वाद', मुलीचं नाव. हे सगळं मला मनापासून आवडतं, आणि त्यानं गाडीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते डीजेच्या भिंतीनं. बारा फूट उंच स्पीकर, मागं जनरेटर, वर नाचणारी पोरं, आणि चौकात लोंबणाऱ्या विजेच्या तारा. त्या गाडीला कोणता पाटा घालावा, असा प्रश्न मला विचारू नये.

पुस्तक वाचण्याचा क्रम मी उलटा सुचवतो. पाट्यांचं प्रकरण पहिलं आहे, कारण विचारणारे तेच विचारतात. पण गाडी दारात उभी असेल तर आधी ब्रेकचं वाचा, मग टायरचं, मग शॉकअपचं, आणि पाट्याकडं शेवटी या. पाटेवाल्याकडं जाताना तीन प्रश्न लिहून न्या: पाटा किती मिलिमीटरचा, भट्टीतला की कारखान्यातला, आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला कोण जुळवून देणार. तिसऱ्या प्रश्नाला जो थांबून विचार करतो, त्याच्याकडं काम द्या. काम झाल्यावर कट्टे न भरता आणि भरून, दोन्ही वेळा हौद्याची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पाटा मऊ पडलाय की नाही, हे टेप सांगते, उस्तादाची आठवण नाही.

शेवटचं प्रकरण इलेक्ट्रिक गाड्यांचं आहे. टाटांची एस ईव्ही २०२२ साली, महिंद्राची झिओ २०२४ साली आली. इथं बॅटरीचा जड पेटारा चेसिसखाली, दोन ॲक्सलांच्या मधे बसतो. जिथं आजवर हेल्पर पाट्याचा कंस वेल्ड व्हायचा, जाळीचे खांब चेसिसला जोडले जायचे, तिथून आता जाड विजेच्या तारा जातात. वेल्डिंग करायचं झालं तर ते कुठं, कोणत्या तारा सोडवून, हे माहीत असलेला माणूस आजच्या घडीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात सापडतो, नांदेडच्या देगलूर नाक्यावर नव्हे. आणि बॅटरीची गाडी जास्त माल भरला की गप्प बसत नाही, एका चार्जवरचे किलोमीटर घटवून तो माल दाखवते. मालकाला खेपेच्या शेवटी आकड्यात कळतं. हे प्रकरण सध्या सात पानांचं आहे. पुढच्या आवृत्तीपर्यंत कुणीतरी असली गाडी पाटेवाल्याकडं घेऊन गेलेलं असेल, तेव्हा ते वाढेल.